चेंडू येण्याआधी: एका गोमंतकीय स्ट्रायकरचं प्रकरण

फोंड्याजवळचं एक मैदान, संध्याकाळचे पावणेसहा. उजव्या बगलेवरून क्रॉस, म्हणजे गोलसमोर टाकलेला चेंडू, आला. सतरा नंबरची जर्सी घातलेल्या मुलाने धावत येऊन पाय घातला आणि चेंडू बारवरून उडून पलीकडच्या काजूंच्या झाडांत गेला. गोलपासून जेमतेम सहा-सात पावलांवर होता तो. बाकीच्या पोरांनी डोक्याला हात लावले. कोच त्या फटक्याबद्दल काही बोललाच नाही. मुलाजवळ जाऊन त्याने कोकणीत विचारलं, "बॉल येवचे पयलीं तूं खंय आशिल्लो?" चेंडू येण्याआधी तू कुठे होतास?

मुलाने बोट दाखवलं. गोलच्या बरोबर समोर. कोचने डोक्यावरची टोपी काढून त्या जागी ठेवली. "चेंडू बगलेला गेला तेव्हापासून तू इथेच उभा होतास. बचावपटूने तुला बघितलं, पाठीला हात लावून ठेवला, तरी हललास नाही. मग चेंडू आला तो तुझ्या मागे. मागे वाकून मारलेला चेंडू वरच जाणार." एवढं बोलून तो टोपी तिथेच ठेवून सहा-सात पावलं मागे गेला, बचावपटूच्या पाठीशी उभा राहिला आणि म्हणाला, "आता इथून ये. पण मी सांगेन तेव्हा."

या कोचला मी १९९६ पासून ओळखतो. तेव्हा तो आमच्या शाळेत आठवीत होता. मी मराठी शिकवायचो. शाळेत त्या वर्षी शारीरिक शिक्षणाचे सर नव्हते, म्हणून आंतरशालेय स्पर्धेला संघाबरोबर मला पाठवलं आणि फुटबॉल माझ्या आयुष्यात आला तो असा. पुढे बरीच वर्षं मी स्थानिक सामन्यांचं वार्तांकन केलं. त्याचे बहुतेक सामने मी पाहिले आणि वहीत टिपले. नाव घालू नका, असं त्याने सांगितलं आहे. मोठा खेळाडू म्हणून तो कुठल्याच यादीत सापडणार नाही. तरीही गोव्यातल्या एका स्ट्रायकरचं खेळणं आणि शिकवणं कसं घडतं, हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं प्रकरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

फोंडा तालुका म्हणजे जुना अंत्रुज महाल. मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे, देवळांचा मुलूख. जत्रेला रात्रभर मराठी नाटक आणि नाटकाच्या तालमींवर अख्ख्या गावाचा जीव. गोव्यातला फुटबॉल १८८३ मध्ये शिवोलीला आलेल्या एका ब्रिटिश पाद्रीने रुजवला असं सांगतात. तो वाढला चर्चच्या पटांगणांत आणि मिशनरी शाळांत. साष्टी, बार्देश, तिसवाडी, मुरगाव ही त्याची खरी घरं. आमच्याकडे कापणी झाली की शेतात व्हॉलीबॉल नाहीतर क्रिकेट. फुटबॉल होता, पण घराघरात नव्हता. ताळगावच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांनी भारताचं कर्णधारपद भूषवलं आणि १९८४ मध्ये गोव्याने एकही गोल न खाता राज्यांच्या संघांचा संतोष करंडक जिंकला, त्यानंतर आमच्या बाजूच्या मुलांनाही वाटू लागलं की हा खेळ आपलाही आहे. पण ब्रह्मानंद गोलरक्षक. त्यामुळे माझ्या शाळेतल्या प्रत्येक उंच मुलाला गोलमध्येच उभं राहायचं असायचं. याला नाही. याला गोल करायचा होता.

त्याचे वडील एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आणि गावच्या नाटकात दुय्यम भूमिका करणारे हौशी नट. पोर लहानपणापासून तालमींना विंगेत बसून असायचं. ही गोष्ट पुढे कामाला येणार होती, पण ते त्याला कळायला वीस वर्षं लागली.

२००० च्या सुमारास खाण उद्योगाशी जोडलेल्या एका क्लबने त्याला अठरा वर्षांखालच्या संघात घेतलं आणि दोन-तीन वर्षांनी कंपनीत चिकटवलं. सकाळी ऑफिसात सही, मग मैदान, दुपारी पुन्हा टेबल. आजच्या मुलांना हे सांगितलं तर विचित्र वाटतं, पण गोव्याचा फुटबॉल कितीतरी वर्षं या सहीवर उभा होता. मांडवी-झुवारीतून बार्ज भरून खनिज मुरगावला जायचं आणि त्या पैशातला थोडा वाटा मैदानावर यायचा. खेळाडूला गुडघा गेल्यावर घरी काय खायचं, ही चिंता नसायची. त्याच्या आईने कधी "फुटबॉल सोड" म्हटलं नाही, कारण फुटबॉल हीच नोकरी होती.

आता मुख्य गोष्ट. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा हंगामांत आय-लीगचं, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च साखळी स्पर्धेचं, विजेतेपद एकदाही गोव्याबाहेर गेलं नाही. धेंपो, चर्चिल ब्रदर्स, पुन्हा धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. गोमंतकीय फुटबॉलचा असा काळ आधी आला नव्हता आणि नंतरही आलेला नाही. याच सहा हंगामांत सर्वाधिक गोल कोणी केले? प्रत्येक वेळी ओडाफा ओकोली नाहीतर रँटी मार्टिन्स. दोघेही नायजेरियाचे. रँटीने २०११-१२ मध्ये धेंपोकडून एका हंगामात ३२ गोल केले. मी ते गोल पाहिले आहेत आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण गोव्यातल्या प्रत्येक मोठ्या क्लबात नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या, जागेवर परदेशी खेळाडू असताना गोव्याचा नऊ नंबर कुठे होता? बाकावर, बगलेवर, नाहीतर संध्याकाळी गोवा प्रोफेशनल लीग या राज्याच्या स्पर्धेत, जिथे क्लब आपला दुसऱ्या फळीचा संघ उतरवायचे.

आमचा हा तिन्ही ठिकाणी होता. राष्ट्रीय स्पर्धेत तो उतरला की शेवटची दहा-पंधरा मिनिटं. संघ पुढे असेल तर वेळ काढायला, मागे असेल तर घाईघाईत. प्रो लीगमध्ये पूर्ण सामना मिळायचा. तिथे तो सुरुवातीला छान गोल करत होता आणि मग एका हंगामात अचानक आटला. सलग नऊ सामने कोरडे. म्हापशाच्या धुळेर मैदानावर प्रेक्षक नावाने ओरडायचे. प्रशिक्षकाने त्याला उजव्या बगलेवर ढकललं.

त्या नऊ सामन्यांची माझी वही मी अलीकडे पुन्हा उघडली. "३२व्या मिनिटाला फटका बाहेर." "हेडर गोलरक्षकाच्या हातात." "सोपी संधी दवडली." पानं अशा नोंदींनी भरलेली. तो कुठून आला, कधी निघाला, बचावपटू कुठे बघत होता, यातलं एक अक्षरही नाही. मी फक्त चेंडूकडे बघत होतो. सगळेच फक्त चेंडूकडे बघत होते. नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. स्ट्रायकरच्या तर त्याहून कमी. उरलेल्या सत्याऐंशी मिनिटांत त्याने काय केलं हे न बघताच आम्ही त्याचा निकाल लावत होतो. त्या बातम्या मी लिहिल्या याचं मला आजही वाईट वाटतं.

बाकावर बसून तो मात्र वेगळंच बघत होता. क्लबातल्या नायजेरियन स्ट्रायकरचे पाय तो बघायचा नाही, खांदे आणि मान बघायचा. त्याने मला सांगितलं ते असं: "सर, तो पेनल्टी एरियात चालतो. धावतच नाही. सगळे धावतात, हा चालतो आणि मान फिरवत राहतो. मग एकदाच धावतो. तीन-चार पावलं. तेवढ्यात गोल." हे त्याने २००८ मध्ये सांगितलं. मी ऐकलं आणि विसरलो.

२००९ च्या पावसाळ्याच्या शेवटी त्याचा गुडघा गेला. त्या वेळी मी मैदानावरच होतो. मैदान ओलं, वर तांबड्या मातीची साय. हेडरसाठी उडी मारून तो डाव्या पायावर उतरला. अंगाला कोणी लागलेलं नव्हतं. पाय जमिनीत रुतला आणि शरीर वळलं, गुडघा आत गेला. आवाज झाला असं तो सांगतो, सुकी काठी मोडल्यासारखा. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना जखडून ठेवणारा लिगामेंट, पूर्ण तुटला होता. मांडीच्या मागच्या स्नायूचा टेंडन काढून नवा बसवला. हा नवा धागा शरीरात जिवंत व्हायला आणि पायाला आपला तोल पुन्हा शिकायला वेळ लागतो. डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले. ज्यांच्याकडे त्याचा करार होता त्यांना सहाव्या महिन्यात उत्तर हवं होतं, कारण नव्या हंगामाची नोंदणी होती. तो सातव्या महिन्यात उतरला आणि आठव्यात त्याच गुडघ्याची गादी फाटली. कुणाचं नाव घेऊन आता उपयोग नाही. पण आज त्याच्या हाताखालचा पंधरा वर्षांचा मुलगासुद्धा सराव सुरू करण्याआधी वीस मिनिटं फिफाच्या 'इलेव्हन प्लस' पद्धतीचा वॉर्म-अप करतो: एका पायावर तोल, उडी मारून गुडघा किंचित वाकवून पण आत न वळू देता उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम. मुलं कंटाळतात. या वीस मिनिटांत तो एकदाही सूट देत नाही.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर वेग गेला तो गेलाच. मोठ्या क्लबने सोडलं, नोकरी राहिली. तो प्रो लीगमधल्या एका लहान क्लबाकडून खेळू लागला. आणि इथे माझ्या वहीत काहीतरी उलटं दिसतं. खेळण्याच्या शेवटच्या दोन हंगामांत त्याने ऐन जोमातल्या कुठल्याही दोन हंगामांपेक्षा जास्त गोल केले. धावून बचावपटूला मागे टाकणं शक्यच नव्हतं. मग तो बचावपटूच्या नजरेआड उभा राहायचा आणि उशिरा निघायचा. "पाय गेले तेव्हा डोकं आलं," असं तो म्हणतो. माझ्या मते डोकं बाकावरच आलं होतं. पाय होते तोवर त्याला त्याची गरज पडली नव्हती, एवढंच.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. बार्ज नदीकाठी बांधून पडल्या, ट्रकांच्या रांगा घरांसमोर गंजू लागल्या. त्याच्या खात्यातली माणसं कमी होत गेली, त्यात दोन वर्षांनी तोही घरी आला. वय एकतीस. त्याच वर्षी इंडियन सुपर लीग या नव्या व्यावसायिक स्पर्धेसाठी एफसी गोवा हा क्लब स्थापन झाला आणि फातोर्ड्याचं मैदान दिव्यांनी उजळलं. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीगमधून माघार घेतली. ज्या सहीवर त्याच्यासारखी शेकडो मुलं उभी होती ती सही संपली. तिच्या जागी करार आला, आणि करार फक्त खेळू शकणाऱ्या गुडघ्याशी होतो.

त्याने कोचिंगचा डी परवाना घेतला. गावातल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना गोळा केलं. आणि पहिलं वर्ष पूर्ण वाया घालवलं. हे तो स्वतः सांगतो आणि मी ते बघितलंही आहे. चौदा मुलं एका रांगेत. समोर गोल. तो पास द्यायचा, मुलगा फटका मारायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा. मध्येच तो स्वतः मारून दाखवायचा, चेंडू जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, आणि पोरं टाळ्या वाजवायची. "असं मारा." कसं? ते त्याला सांगता येत नव्हतं. त्याचा पाय जे करायचा ते त्याच्या तोंडाला माहीत नव्हतं. चांगले स्ट्रायकर शिकवायला उभे राहतात तेव्हा हे वारंवार होतं. बचावपटू आणि मध्यरक्षक खेळतानाच इतरांना ओरडून सांगत असतात, जागा दाखवत असतात, म्हणजे शिकवणं त्यांच्या खेळातच असतं. स्ट्रायकर एकटा असतो. त्याने जन्मभर कुणाला काही सांगितलेलं नसतं.

पुढच्या सी परवान्याच्या अभ्यासक्रमात शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने त्याला त्याच्याच रांगेसमोर घड्याळ लावून उभं केलं. प्रत्येक मुलाच्या पायाला चेंडू दोन मिनिटांत एकदा. तासाभरात तीस वेळा. आणि त्या तीसपैकी एकही चेंडू सामन्यात येतो तसा आलेला नव्हता. समोर बचावपटू नाही, धावत येणं नाही, चेंडू थेट पायात. बहुतेक गोल पेनल्टी एरियाच्या आतून आणि पहिल्याच स्पर्शात होतात. म्हणजे स्ट्रायकरचं काम फटक्याच्या आधीच संपलेलं असतं. हे तो बाकावर बसून शिकला होता आणि शिकवताना विसरला होता.

मग ती तालीम झाली. गावच्या जत्रेच्या नाटकाची, देवळाच्या सभामंडपात. वडील आता काम करत नव्हते, तालीम घेत होते. एक नवा मुलगा आपलं वाक्य यायच्या आधीच स्टेजवर येऊन उभा राहत होता, हात कुठे ठेवायचे कळत नव्हतं, चेहऱ्यावर वाट बघणं दिसत होतं. वडील खालून ओरडले, "अरे, आत जा! विंगेत रहा. तू लोकांना दिसता कामा नयेस. याचं वाक्य संपत आलं की पाय उचल, आणि येशील तो बोलतच ये." मुलाने तीनदा केलं. तिसऱ्यांदा प्रवेश असा रंगला की प्रॉम्प्टरसुद्धा वर बघू लागला. आमचा हा मागे चटईवर बसला होता. तिथूनच रात्री अकराला त्याने मला फोन केला. "सर, एंट्री! एंट्रीच आहे ती!"

दुसऱ्या दिवशी त्याने पेनल्टी एरियात चुन्याने एक पट्टा आखला, बचावपटूच्या पाठीमागे आणि जरा बाजूला. त्याचं नाव 'विंग'. बगलेवरच्या विंगरशी गोंधळ होतो म्हणून मी नाव बदलायला सांगितलं. पोरांनी ऐकलं नाही. प्रत्येकाचा काका, मामा, आजोबा कुणीतरी नाटकात असतोच. त्यांना विंग म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

हा पट्टा तिथेच का? बचावपटूला एका वेळी चेंडू आणि माणूस दोन्ही बघायचे असतात. चेंडू बगलेवर असताना त्याचं तोंड तिकडे वळतं. त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाला बघायला त्याला मान पूर्ण फिरवावी लागते, आणि मान फिरवली तो क्षण चेंडू सुटतो. स्ट्रायकरने त्याच क्षणाची वाट बघायची. आधी एक पाऊल लांब जायचं, बचावपटू तेवढा सरकला की उलट कापून पुढे यायचं. लवकर निघालं तर ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या पुढे सापडणं, किंवा चेंडूच्या पुढे जाऊन मागे वाकणं, उशिरा निघालं तर चेंडू निघून गेलेला. ऑफसाइड पास निघतो त्या क्षणी मोजतात. बचावपटूच्या रेषेत असणं १९९० पासून नियमात बसतं. म्हणून तो मुलांना रेषेला समांतर वाकडं धावायला शिकवतो, म्हणजे चेंडूवर नजरही राहते आणि रेषाही ओलांडली जात नाही.

सराव असा. पहिले दोन आठवडे फटकाच नाही. चेंडू हाताने फेकायचा. मुलाने विंगेतून निघून, चेंडू टप्पा घेईल तिथे चेंडूबरोबरच पोचायचं आणि तो छातीशी झेलायचा. आधी पोचला तर बाद, उशीर झाला तर बाद. पोरांना हा खेळ वाटतो आणि ती तासभर खेळतात. मग पायाने क्रॉस, पण बचावपटू नुसता उभा. मग बचावपटू खराखुरा. आणि शेवटच्या टप्प्यात फटका, तोही पहिल्याच स्पर्शात. चेंडू थांबवला तर तो दुसऱ्या बाजूला जातो. रांग कुठेच नाही. चार छोटे गट, चार कोपरे, प्रत्येक गटात कुणी फेकणारा, कुणी अडवणारा, कुणी येणारा.

त्याच्या वहीत माझ्या वहीपेक्षा वेगळे रकाने आहेत. 'निघाला', 'पोचला', 'चेंडू आला'. गोलचा रकाना अगदी कडेला, बारीक.

सतरा नंबरच्या मुलाची गोष्ट या वहीतच आहे. त्याचे वडील टॅक्सी चालवतात, आई कुंडई औद्योगिक वसाहतीत कामाला. पोर वाडीतल्या मैदानावर चार जणांना चकवून गोल करायचं, म्हणून त्याला चेंडू पायात हवा असायचा. अकरा जणांच्या सामन्यात चार जणांना चकवता येत नाही. हंगामाच्या पहिल्या पाच सामन्यांत गोल शून्य. वडील लाइनीवर उभे राहून ओरडायचे, मुलगा प्रत्येक चुकीनंतर त्यांच्याकडे बघायचा. मुलाची मान बचावपटूकडे फिरायला हवी तेव्हा ती बापाकडे फिरत होती.

कोचने वडिलांना बाजूला घेऊन काही सुनावलं नाही. सहाव्या सामन्याच्या आधी त्याने त्यांच्या हातात वही आणि पेन्सिल दिली. "भाऊ, आज माझा हिशेब तुम्ही लिहा. तो विंगेतून निघाला की एक रेघ. बचावपटूच्या आधी पोचला की दुसऱ्या रकान्यात रेघ. चेंडू आला तर तिसऱ्यात." वडिलांना आधी ते पटलं नाही. पण टॅक्सीवाल्या माणसाला हिशेब लिहायची सवय असते. पूर्वार्धभर ते तोंड न उघडता लिहीत बसले. मध्यंतराला मी डोकावलो तर पोचला नऊ वेळा, चेंडू आला दोनदा. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "सर, हा तर दरवेळी तिथे असतो," ते म्हणाले. इतकी वर्षं मुलाचे सामने बघून त्यांना ते पहिल्यांदा दिसलं होतं. मला दिसायला तर त्याहून जास्त वर्षं लागली होती.

उत्तरार्धात ते उजव्या विंगरवर ओरडू लागले, "चेंडू टाक रे त्याला!" कोचने हसून त्यांनाही गप्प केलं. पण विंगरला त्याने दुसऱ्या दिवशी वही दाखवली. आठव्या सामन्यात पहिला गोल आला. गुडघ्याला लागून गेला, अगदी कुरूप गोल. मुलगा निघाला होता बचावपटूच्या पाठीमागून, बरोबर वेळेला, आणि चेंडूला जायला दुसरी जागाच नव्हती.

हंगाम संपल्यावर त्याला एका मोठ्या अकादमीच्या निवड चाचणीला बोलावलं. कोच वही घेऊन गेला. निवडणाऱ्यांनी विचारलं, "गोल किती?" त्याने आकडा सांगितला, तो फार मोठा नव्हता. त्याने वही पुढे केली. ती त्यांनी नीट पाहिली, खरोखर पाहिली, आणि मुलाला घेतलं. पण उजव्या बगलेसाठी. नऊ नंबरसाठी नाही.

त्यांना दोष देता येत नाही. वर कुठल्या जागा मोकळ्या आहेत हे बघूनच अकादमी मुलं घडवते. इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ ला मैदानावर सहा परदेशी खेळाडू उतरवता येत होते, मग पाच झाले, २०२१-२२ पासून चार. तरी त्या चारांतला एक जवळजवळ नेहमीच स्ट्रायकर असतो. एफसी गोवाकडून फेरान कोरोमिनासने २०१७-१८ मध्ये १८ आणि पुढच्या हंगामात १६ गोल करून सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट दोनदा नेला, मग २०२०-२१ मध्ये इगोर अँगुलोने. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत एकाही हंगामात तो बूट भारतीयाकडे गेला नाही. एकेका क्लबाचा हा निर्णय शहाणपणाचाच आहे. पण सगळ्या क्लबांचे शहाणे निर्णय एकत्र केले की काय होतं, ते मार्च २०२५ मध्ये दिसलं. निवृत्त झालेल्या चाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीला भारताच्या संघात परत बोलवावं लागलं, आणि बोलवणारे मानोलो मार्केझ तेव्हा एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते. गोव्यातच बसून त्यांना देशात दुसरा नऊ नंबर सापडत नव्हता. माझं म्हणणं एवढंच आहे की राज्यपातळीच्या लीगमध्ये तरी नऊ नंबरची जागा इथल्या मुलासाठी राखून ठेवायला हवी. तो तिथे चुकेल, नऊ सामने कोरडा जाईल. जाऊ द्यावा.

कोच स्वतः आता बी परवान्याची तयारी करतो आहे. दिवसा एका शाळेत कंत्राटी नोकरी, पगार वेळेवर येत नाही. मुलांकडून तो जेमतेम चेंडू आणि बिब्ज विकत घेण्याइतकी फी घेतो. मुलगा बगलेवर गेला तेव्हा त्याला वाईट वाटलं का, असं मी विचारलं. बराच वेळ तो बोलला नाही. "मलाही बगलेवरच ढकललं होतं ना सर. फक्त मला तेव्हा कुणी एंट्री शिकवली नव्हती. बगलेवरूनही दूरच्या खांबाला येता येतं."

गेल्या महिन्यात अकादमीच्या संघाचा पहिला सामना होता. आम्ही तिघे गेलो, कोच, मुलाचे वडील आणि मी, त्यांच्याच टॅक्सीतून. वडिलांनी नवी वही आणली होती, दोनशे पानी. डावीकडून हल्ला सुरू झाला की मुलगा उजव्या बगलेवरून सावकाश आत सरकायचा, चालत, बचावपटूच्या पाठीशी. दोनदा तो दूरच्या खांबाशी वेळेवर पोचला. दोन्ही वेळा क्रॉस आलाच नाही.

मी वहीत डोकावलो. निघाला, पोचला, चेंडू आला. त्यांच्या आधी, पानाच्या अगदी डाव्या कडेला, वडिलांनी स्वतःच एक चौथा रकाना आखला होता. त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं, 'मान फिरवली'. त्यात अठरा रेघा होत्या आणि अजून पूर्वार्धच चालू होता.